प्रवक्त्याला महागात कोण पडतो: विरोधी वार्ताहर की मित्र वार्ताहर?

कात्रणवही (धागाकर्ता)

राज्य शासनाच्या माहिती खात्यात मी एकतीस वर्षे नोकरी केली आणि त्यांतली बहुतेक वर्षे जिल्ह्याच्या ठिकाणी काढली. पद बदलत गेले तरी सकाळचे काम ठरलेले असे. साडेसातला कार्यालय उघडायचे, आलेली सगळी दैनिके टेबलावर पसरायची, शासनाशी संबंधित बातम्यांभोवती लाल शाईने चौकट करायची, कात्रणे कोऱ्या कागदावर चिकटवून वर दैनिकाचे नाव व तारीख घालायची आणि दहाच्या आत तो गठ्ठा जिल्हाधिकाऱ्यांच्या स्वीय सहायकाकडे पोहोचवायचा. अनुकूल कात्रणे वर आणि प्रतिकूल खाली लावावीत, आणि प्रतिकूल कात्रणावर 'खुलासा पाठविण्यात येत आहे' असा शेरा आधीच मारून ठेवावा, हे शहाणपण पहिल्याच महिन्यात एका वरिष्ठांनी मला शिकवले. मीही ते पुढे अनेकांना शिकवले, हे कबूल करतो.

माध्यमांच्या पक्षपाताची तक्रार दोन्ही अंगांनी होते. कोणी म्हणतो की वार्ताहर सरकारच्या मागे हात धुऊन लागले आहेत, कोणी म्हणतो की ते सरकारच्या मांडीवर जाऊन बसले आहेत. या दोन्ही तक्रारींत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे सरकारच्या वतीने बोलणाऱ्या माणसाला पहिला वार्ताहर नकोसा आणि दुसरा हवाहवासा वाटत असणार. माझा अनुभव याच्या नेमका उलटा आहे, आणि तो सांगण्यासाठीच हा धागा काढला आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. नदीकाठच्या एका जिल्ह्यात मी होतो आणि वरच्या धरणातून विसर्ग सुरू होता. संध्याकाळी सहाला आम्ही प्रेसनोट काढली की विसर्ग १८ हजार क्युसेक असून नदी इशारा पातळीच्या खाली आहे. सायक्लोस्टाइल केलेल्या प्रती शिपायाने सायकलवरून चारही दैनिकांच्या कार्यालयांत पोहोचवल्या. रात्री धरणाचे आणखी दरवाजे उचलले गेले आणि विसर्ग ४५ हजारांवर गेला. आमच्यावर कायम टीकेची झोड उठवणाऱ्या दैनिकाचा वार्ताहर साडेदहानंतर तीन वेळा फोनवर भांडला, आणि त्याच्या सकाळच्या अंकात खरा आकडा आला. जे दैनिक आमच्या प्रेसनोटा शब्दही न बदलता छापत असे, त्याने सहा वाजताचा मजकूर तसाच घेतला आणि त्यावर स्वतःच्या पदरचा मथळा चढवला: 'पुराचा धोका टळला'. नदीच्या बाजूच्या दोन पेठांत तेच दैनिक जास्त वाचले जाई. सुदैवाने माणूस दगावला नाही, पण गोठ्यांत बांधलेली जनावरे वाहून गेली आणि पुढचे पंधरा दिवस लोक मला विचारत राहिले की धोका टळला असे तुम्ही कशाच्या आधारावर सांगितलेत. मी तसे सांगितलेच नव्हते. पण लोकांच्या लेखी ते दैनिक आणि शासन यांत फरक उरलेला नव्हता, आणि तो फरक मिटू देण्यात आम्हीही काही वर्षे आनंदच मानला होता.

मे २०२५ मध्ये मला ही रात्र सारखी आठवत होती. भारताने पाकिस्तान आणि पाकव्याप्त काश्मीरमधल्या दहशतवादी तळांवर हल्ले केल्यावर (ऑपरेशन सिंदूर) ७ मेच्या सकाळी परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री, कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंह वार्ताहरांपुढे आले, तेव्हा त्यांनी नऊ ठिकाणे, हल्ल्याची वेळ आणि हल्ल्यामागचे कारण इतकेच सांगितले. एकही विशेषण जास्त नव्हते. कर्नल कुरेशी हिंदीतून आणि विंग कमांडर सिंह इंग्रजीतून बोलल्या. आमच्या खात्याच्या भाषेत सांगायचे तर ती अत्यंत 'कोरडी' प्रेसनोट होती, आणि युद्धात कोरडेपणाइतका मोठा गुण दुसरा नाही. पुढच्याच रात्री, ८ मे रोजी, आपल्या काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त केले, इस्लामाबाद घेतले, इतकेच नव्हे तर पाकिस्तानच्या लष्करप्रमुखाला अटकही करवली. सकाळी यांतले काहीही घडलेले नव्हते. सरकारी निवेदनांत या दाव्यांना कोठेही आधार नव्हता, तरी परिणाम भोगला तो निवेदन करणाऱ्याने. १० मेच्या संध्याकाळी मिस्री यांनी लष्करी कारवाई थांबवण्याचे ठरल्याचे सांगितले, तेव्हा विजय हाताशी आल्याचे दोन दिवस ऐकलेल्या प्रेक्षकांना तो विश्वासघात वाटला. शिव्यांचा मारा त्यांच्यावर आणि त्यांच्या कुटुंबीयांवर झाला आणि त्यांना एक्सवरचे आपले खाते कुलूपबंद करावे लागले. मिस्री पदाने प्रवक्ते नव्हेत, पण त्या चार दिवसांत ते काम त्यांच्याकडे होते. त्यांची ही अवस्था परकी किंवा विरोधी वृत्तपत्रांनी केली नव्हती.

म्हणून विचारतो की या कामात खरा धोका कोणाकडून असतो. वार्ताहर मंडळींनी मोकळेपणाने लिहावे. मी आता निवृत्त आहे, खुलासा पाठवणार नाही.


अटकेपार

लेख आवडला, पण निष्कर्ष अर्धाच पटला. मी गेली बावीस वर्षे वॉशिंग्टनलगत व्हर्जिनियात राहतो आणि व्हाइट हाऊसच्या वार्ताहर कक्षातला रोजचा तमाशा येथे घराघरांत पाहिला जातो. हा कक्ष म्हणजे मुळात फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्यासाठी बांधलेला पोहण्याचा तलाव. निक्सन यांच्या काळात, १९७० मध्ये, त्यावर जमीन घालून वार्ताहरांची सोय केली गेली. खुर्च्या एकूण ४९ आहेत आणि कोणती खुर्ची कोणाची यावरून गावच्या देवळातल्या मानपानाइतकी चुरस चालते.

तेथील इतिहास पाहिला तर प्रवक्ता बुडतो तो वार्ताहरांमुळे कमी आणि स्वतःच्या मालकांमुळे जास्त. जेराल्ड टरहॉर्स्ट यांचे उदाहरण घ्या. डेट्रॉइटच्या दैनिकातली जुनी नोकरी सोडून ते ऑगस्ट १९७४ मध्ये अध्यक्ष फोर्ड यांचे प्रवक्ते झाले. वॉटरगेट प्रकरणात अध्यक्षपद सोडावे लागलेल्या निक्सन यांना माफी देण्याचा विचार चालू आहे का, असे वार्ताहरांनी विचारल्यावर त्यांनी वरिष्ठांकडे चौकशी केली आणि मिळालेले नकारार्थी उत्तर जसेच्या तसे पुढे दिले. ८ सप्टेंबरला फोर्ड यांनी माफी जाहीर केली आणि टरहॉर्स्ट यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. जेमतेम महिन्याची कारकीर्द झाली, पण पन्नास वर्षांनंतरही येथील वार्ताहर त्यांचे नाव आदराने घेतात.

नऊ वर्षांनी, ऑक्टोबर १९८३ मध्ये, अध्यक्ष रेगन यांचे प्रवक्ते लॅरी स्पीक्स यांना विचारले गेले की अमेरिका ग्रेनाडा बेटावर सैन्य उतरवणार आहे का. त्यांनी राष्ट्रीय सुरक्षा विभागात विचारले आणि तेथून आलेल्या शब्दांत ही कल्पनाच हास्यास्पद असल्याचे सांगितले. दुसऱ्या दिवशी पहाटे सैन्य उतरले. परराष्ट्र विषय पाहणाऱ्या त्यांच्या सहायकाने पद सोडले, स्पीक्स मात्र राहिले. पुढे १९८८ मध्ये त्यांनी आपल्या पुस्तकात सांगून टाकले की जिनिव्हा परिषदेच्या वेळी रेगन यांच्या तोंडी घातलेली काही वाक्ये त्यांनी स्वतःच रचली होती. त्यापायी त्यांची नंतरची नोकरी गेली.

या दोघांना ठाऊक नव्हते, असे तरी म्हणता येते. अध्यक्ष कार्टर यांचे प्रवक्ते जोडी पॉवेल यांना मात्र सर्व ठाऊक होते. एप्रिल १९८० मध्ये तेहरानमधील अमेरिकी ओलिसांच्या सुटकेसाठी पथक निघण्याच्या बेतात असताना लॉस एंजेलिस टाइम्सच्या वार्ताहराने त्यांना थेट विचारले आणि त्यांनी समजून उमजून खोटे सांगितले. मोहीम वाळवंटात फसली, आठ जण मृत्युमुखी पडले, आणि पॉवेल यांनी आपण खोटे बोललो हे कधी नाकारले नाही. आपण तेथे असतो तर काय बोललो असतो, याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. ओलिसांचे आणि सैनिकांचे प्राण एका पारड्यात आणि वार्ताहराचा विश्वास दुसऱ्या पारड्यात, असा तो प्रसंग होता.

तेव्हा माझा मुद्दा असा की ज्या खोलीत निर्णय होतो त्या खोलीत प्रवक्त्याला बसू देतात की नाही, यावर त्याचे भवितव्य ठरते. बसू दिले नाही तर तो अजाणता खोटे बोलतो आणि बसू दिले तर जाणून गप्प राहावे लागते. वार्ताहर मित्र की शत्रू हा प्रश्न त्यानंतरचा. अर्थात फेब्रुवारी २०२५ पासून अध्यक्षांसोबत कोणत्या वार्ताहरांची तुकडी राहील हे वार्ताहरांच्या संघटनेऐवजी व्हाइट हाऊसच ठरवू लागले आहे, आणि मेक्सिकोच्या आखाताचे नवे नाव वापरले नाही म्हणून असोसिएटेड प्रेसला दाराबाहेर ठेवले गेले. मित्र निवडून घेण्याची हौस सर्वत्र सारखीच, हा तुमचा मुद्दा तेवढ्यापुरता मान्य करतो.


रात्रपाळी

कात्रणवही साहेब, तुमच्या गोष्टीतले 'मित्र दैनिक' मी आतून पाहिले आहे. तुमचे नेमके तेच नव्हे, त्याच्या जातकुळीतले. म्हणून एक दुरुस्ती सुचवतो. तेथे कोणाच्या मनात शासनाविषयी प्रेम उचंबळत नसते. जिल्हा आवृत्तीला संपादकीय विभागात चार माणसे असतात, त्यांतला एक सुट्टीवर आणि एक जाहिरातीची बिले वसूल करायला गेलेला असतो. उरलेल्या दोघांनी आठ पाने लावायची असतात. अशा वेळी शुद्ध मराठीत, परिच्छेद पाडून, मथळ्यासकट आलेली प्रेसनोट म्हणजे ताटात वाढून आलेले जेवण. ती पानात जाते तिच्यावर विश्वास आहे म्हणून नव्हे, तर दहा वाजता पान सोडायचे असते म्हणून. त्याला वाचक पक्षपात म्हणतात आणि तुम्ही मैत्री म्हणता. आम्ही त्याला 'पान भरले' म्हणतो.

आता दुसरी बाजू. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला तेव्हा मी नोकरीत नवा होतो आणि कुलाब्यात नरिमन हाऊसजवळच्या गल्लीत दोन रात्री काढल्या. त्या साठ तासांत माझ्याकडे पोलीस, अग्निशमन दल, लष्कर, एनएसजी आणि मंत्रालय अशा पाच ठिकाणांहून माहिती येत होती आणि ती पाचही ठिकाणी वेगळी होती. आत किती अतिरेकी आहेत याचे आकडे तासातासाला बदलत. कोणी एक माणूस ठरलेल्या वेळी येऊन 'आतापर्यंत एवढे निश्चित आहे, बाकीचे आम्हाला अजून माहीत नाही' असे सांगतो आहे, असे त्या गल्लीत मी एकदाही पाहिले नाही. बूट गुंडाळून ठेवायला मिळालेला एक कागद माझ्याजवळ होता, त्याच्या मागच्या बाजूला मी प्रत्येक अधिकाऱ्याने दिलेला आकडा आणि वेळ लिहीत गेलो. पहाटेपर्यंत अतिरेक्यांच्या संख्येचे सात आकडे जमले होते. २८ तारखेला सीएसटीवर पुन्हा गोळीबार सुरू झाल्याची अफवा वाहिन्यांवर झळकली आणि लोक सैरावैरा पळाले. ती अफवा आम्ही पसरवली हे खरेच आहे, आणि त्या थेट चित्रणाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कसाबच्या निकालपत्रात आमचे कान उपटले तेही योग्यच झाले. पण बोलणारा अधिकृत माणूस जागेवर नसला की ती जागा रिकामी राहत नाही, हे त्या निकालपत्राबाहेरचे सत्य आहे.

राहता राहिला तो 'सूत्रांनी सांगितले' हा शब्दप्रयोग. वाचक हसतात, पण बरेचदा हे सूत्र म्हणजे तेच साहेब असतात जे दुपारी पत्रकार परिषदेत 'माहिती घेऊन सांगतो' म्हणालेले असतात. संध्याकाळी फोनवर तेच सर्व सांगतात, फक्त नाव नको म्हणतात. पुढे बातमी अंगावर आली की खुलाशावर सही त्यांचीच असते. प्रवक्त्यांच्या कष्टांविषयी सहानुभूती आहे, पण एवढे नोंदवून ठेवावे.


उलटतपासणी

चर्चेत कायद्याची बाजू आलेली नाही, म्हणून थोडक्यात लिहितो.

रात्रपाळी यांनी वर्णन केलेल्या गोंधळावर सरकारने काढलेला उपाय २०१५ मध्ये केबल टेलिव्हिजनच्या नियमांत आला. दहशतवादविरोधी कारवाई सुरू असताना तिचे थेट प्रक्षेपण करायचे नाही आणि कारवाई संपेपर्यंत सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेल्या माहितीपुरतेच वृत्तांकन मर्यादित ठेवायचे, असा तो नियम आहे. पहलगाम येथील हल्ल्यानंतर २६ एप्रिल २०२५ रोजी माहिती व प्रसारण मंत्रालयाने त्याचीच आठवण करून दिली. म्हणजे अशा प्रसंगी प्रवक्ता हा अनेक स्रोतांपैकी एक राहत नाही, नियमानेच तो एकमेव स्रोत होतो. ज्याला एवढी मक्तेदारी दिली त्याने ठरावीक तासांनी बोललेच पाहिजे, असे मात्र नियमात कोठेही म्हटलेले नाही. 'वेळोवेळी' म्हणजे किती वेळाने, हे सरकारनेच ठरवायचे.

दुसरा प्रयत्न अधिक धाडसी होता. एप्रिल २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती करून, केंद्र सरकारच्या कामकाजाविषयी समाजमाध्यमांवर आलेला कोणता मजकूर बनावट, खोटा किंवा दिशाभूल करणारा आहे हे ठरवण्याचा अधिकार सरकारच्याच तथ्य-तपासणी कक्षाला देण्याचे ठरले. विनोदकार कुणाल कामरा आणि इतरांनी मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. ३१ जानेवारी २०२४ रोजी न्यायमूर्ती गौतम पटेल आणि न्यायमूर्ती नीला गोखले यांची मते भिन्न पडली, मार्चमध्ये पत्र सूचना कार्यालयाच्या कक्षाची अधिसूचना निघताच सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली, आणि २० सप्टेंबर २०२४ रोजी तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली.

धागाकर्त्यांच्या मुद्द्याशी याचा संबंध असा की 'दिशाभूल करणारा' या शब्दांत सरकारला अनुकूल असलेले खोटेही बसते. कराची बंदर बुडवणारी बातमी दिशाभूल करणारीच होती. पण आपल्या बाजूने बोललेल्या खोट्यावर कोणता सरकारी कक्ष तितक्याच तत्परतेने शिक्का मारील? पक्षकारालाच न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवले की खटल्यांची निवडही तोच करतो. माझ्या मते प्रवक्त्याने हा अधिकार मागूच नये. तो मिळाला की त्याच्या प्रत्येक न उच्चारलेल्या नकाराचाही अर्थ काढला जाईल.


मुळेकाठ

एक लहानशी भर. कर्नल सोफिया कुरेशी यांना आम्ही पुणेकरांनी २०१६ मध्येच पाहिले होते. औंधच्या लष्करी तळावर १८ देशांच्या संयुक्त सरावात भारतीय तुकडीचे नेतृत्व त्यांनी केले होते आणि अशा बहुराष्ट्रीय सरावात भारतीय तुकडीचे नेतृत्व करणाऱ्या त्या पहिल्या महिला अधिकारी होत्या. मे २०२५ मध्ये त्यांनी वाचून दाखवलेल्या मजकुरातले एक वाक्य तरी कोणाला आठवते का, असे मी माझ्या सकाळच्या फिरण्याच्या गटात विचारले. कोणालाही आठवले नाही. त्यांचे नाव, धर्म, गणवेश आणि आवाज सर्वांना आठवत होता. मध्य प्रदेशातल्या एका मंत्र्याने त्यांच्याविषयी काढलेले उद्गार आणि उच्च न्यायालयाने त्यावर दिलेला गुन्हा नोंदवण्याचा आदेशही सर्वांना आठवत होता. व्यक्ती निवडतानाच सरकारने संदेश दिला होता हे उघड आहे, आणि तो चांगला होता. पण मग त्या व्यक्तीला कोणी काही बोलले तर ते अंगावर घेण्याची तिची एकटीची जबाबदारी का असावी?


तिरपागडे

मला या चर्चेत एकाच गोष्टीचे आश्चर्य वाटते. मे महिन्यात परदेशी वृत्तसंस्था पहिल्या दिवसापासून भारताची विमाने पडली का, असे विचारत होत्या आणि आपण सर्वजण त्यांना पक्षपाती म्हणत होतो. येथेही म्हणत होतो, मी स्वतः म्हणालो होतो. ३१ मे रोजी सिंगापूरमध्ये संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनी विमाने गमावल्याचे मान्य केले आणि पाकिस्तानने सांगितलेला सहाचा आकडा मात्र साफ खोटा असल्याचे सांगितले. म्हणजे प्रश्न पक्षपाती नव्हता, उत्तरे घाईची होती. न आवडणाऱ्या प्रश्नाला पक्षपात म्हणायची सवय आपल्या वाचकांनाही आहे, तेव्हा सगळे खापर वाहिन्यांवर फोडू नये.


कात्रणवही (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. एकेका मुद्द्याला उत्तर देतो.

तिरपागडे, विमानांच्या प्रश्नावर दिले गेलेले एक उत्तर मी खात्यात असतो तर नव्या मुलांना शिकवायला घेतले असते. ११ मेच्या पत्रकार परिषदेत एअर मार्शल ए. के. भारती यांना हाच प्रश्न विचारला गेला. आपण लढाईच्या स्थितीत आहोत आणि हानी हा लढाईचा भाग असतो, उद्दिष्टे साध्य झाली आहेत आणि आपले सर्व वैमानिक परत आले आहेत, तपशिलात आताच जाणार नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. त्यांनी 'नाही' म्हटले नाही. वीस दिवसांनी जनरल चौहान बोलले तेव्हा भारती यांचे एकही वाक्य मागे घ्यावे लागले नाही. ग्रेनाडाबद्दलचा तो 'हास्यास्पद' हा एक शब्द शेजारी ठेवून पाहा. अटकेपार यांनी जोडी पॉवेल यांचा पेच मांडला आहे, त्यात एवढीच भर घालतो की न सांगणे आणि खोटे सांगणे यांमधली वाट फार अरुंद असली तरी ती असते. मात्र समोर एकच वार्ताहर बसला असेल आणि प्रश्न थेट असेल, तर गप्प बसणे हेच उत्तर ठरते. पॉवेल यांना ती वाट बंद होती, हे मान्य.

निर्णयाच्या खोलीत बसण्याविषयीही त्यांचे बरोबर आहे. पण खोलीत बसूनही बोलायची परवानगी नसली की काय होते, ते जुलै २००१ मध्ये आग्र्याच्या भारत-पाकिस्तान शिखर परिषदेत दिसले. माहिती व प्रसारण मंत्री सुषमा स्वराज यांनी चर्चेतले विषय वार्ताहरांना सांगितले, त्यात काश्मीरचे नाव नव्हते, आणि पाकिस्तानी बाजू लगेच बिथरली. दुसऱ्या दिवशी पाकिस्तानचे अध्यक्ष जनरल मुशर्रफ यांनी भारतीय संपादकांबरोबर न्याहारी केली, तिचे चित्रण दूरचित्रवाणीवर गेले आणि दिवसभर देशाने त्यांचीच बाजू ऐकली. आपल्या बाजूने काय सांगावे हे ठरेपर्यंत रात्र उलटत आली. परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवक्त्या निरुपमा राव वार्ताहरांसमोर आल्या तेव्हा त्यांच्या हाती सांगण्यासारखे इतकेच होते की प्रवासाला आरंभ झाला आहे, पण संयुक्त निवेदनाच्या मुक्कामाला पोहोचता आलेले नाही. वाक्य सुरेख होते. तोवर मुशर्रफ यांच्या न्याहारीचा मजकूर संपादकांच्या टेबलावर कधीचा पडलेला होता.

उलटतपासणी यांच्याशी पूर्ण सहमत आहे. त्यांच्या माहितीसाठी सांगतो की लाल शाईची माझी चौकट आता संगणकावर गेली आहे. मार्च २०२५ मध्ये राज्य शासनाने माध्यमांवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रासाठी सुमारे १० कोटी रुपयांची मान्यता दिली. बातम्यांची सकारात्मक आणि नकारात्मक अशी वर्गवारी तेथे होणार आहे. माझी हरकत पैशाला नाही, त्या दोन रकान्यांना आहे. माझ्या कात्रणांच्या गठ्ठ्यातही वर-खाली असे दोनच रकाने होते. 'अनुकूल पण चूक' असा तिसरा रकाना मी एकतीस वर्षांत कधी केला नाही. 'पुराचा धोका टळला' हे कात्रण त्या सकाळी मी नियमाप्रमाणे गठ्ठ्याच्या वरच लावले होते.

रात्रपाळी, तुमचे 'पान भरले' मनाला लागले, कारण त्यात आमचाही हात आहे. ज्या कार्यालयातून प्रेसनोट जाते त्याच कार्यालयातून जिल्ह्यातल्या दैनिकांना आळीपाळीने शासकीय जाहिरातीही जातात. यादीतला क्रम कोणी उघडपणे बदलत नसे, पण टीका करणाऱ्या दैनिकाचे बिल एखाद्या त्रुटीवर परत जाई आणि त्रुटी शोधायला आमचे लेखापाल तरबेज होते. त्या चार माणसांच्या कचेरीत पाचवे माणूस ठेवणे परवडू नये, याला आमच्या टेबलावर तुंबलेली बिलेही कारण होती. त्याच माणसाने कदाचित रात्री फोन केला असता.


रात्रपाळी

साहेब, प्रांजळपणाबद्दल आभार. पण मग एक उलटा प्रश्न विचारतो. विरोधी दैनिकाच्या वार्ताहराने भांडून आकडा मिळवला असे तुम्ही लिहिले आहे. ४५ हजारांचा आकडा तुमच्या हाती नेमका किती वाजता आला होता, आणि तो आल्यावर तुम्ही स्वतःहून कोणाकोणाला कळवला?


कात्रणवही (धागाकर्ता)

हा प्रश्न येणार हे लिहिताना ठाऊक होते.

पाटबंधारे खात्याच्या नियंत्रण कक्षातून आकडा आला तेव्हा दहा वाजून चाळीस मिनिटे झाली होती. भांडणारा वार्ताहर त्याआधी एकदा फोन करून गेला होता आणि नंतर दोनदा त्याचा फोन आला, त्याला मी आकडा दिला. मग वाटले की एकाला दिला तर इतरांची तक्रार येईल, म्हणून आणखी दोन दैनिकांना फोन लावला. दोघांचेही पान सुटायचे होते आणि दोघांनीही शेवटच्या क्षणी चौकट बदलली.

चौथ्या दैनिकाला मी फोन केला नाही. तेथून कधी तक्रार येत नसे. रात्र बरीच झाली होती, ट्रंक लाइनवर आवाज नीट येत नव्हता, आणि ते आपलेच आहेत, सकाळी सुधारित प्रेसनोट पाठवली की उद्याच्या अंकात घेतील, असे मनाशी म्हणून मी टेबलावरचा दिवा मालवला.